ओबामाकेअर नको, पण कायनेक्ट हवं? जनमत चाचण्या नेमकं काय मोजतात?

मैत्रेयी_लुईव्हिल

मी केंटकीत लुईव्हिलला असते, फार्मसिस्ट आहे. आमच्याकडे एक काका यायचे, साठीच्या आसपासचे, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. विमा नव्हता, म्हणून इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायचे. २०१४ च्या जानेवारीत ते कोरं करकरीत विम्याचं कार्ड घेऊन आले. चेहरा फुललेला. म्हणाले, "कायनेक्टमधून मिळालं. ते ओबामाकेअर काही मी घेणार नव्हतो."

कायनेक्ट म्हणजे ओबामांच्याच आरोग्य विमा कायद्याखाली (तोच ओबामाकेअर) केंटकी राज्याने उघडलेली विम्याची बाजारपेठ. तेव्हाचे गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी मुद्दामच त्याला ओबामांचं नाव लागू दिलं नव्हतं. मी काकांना इन्सुलिन दिलं, वापर समजावला आणि गप्प राहिले. सांगायला हवं होतं का, हे तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात एनबीसी वाहिनी आणि मॅरिस्ट कॉलेजची जनमत चाचणी आली. केंटकीतल्या नोंदणीकृत मतदारांपैकी ५७ टक्के ओबामाकेअरबद्दल नाखूश, ३३ टक्के खूश. कायनेक्टबद्दल विचारलं तर नाखूश फक्त २२ टक्के आणि खूश २९. उरलेल्यांना एक तर ते माहीत नव्हतं, नाही तर मत नव्हतं. वस्तू एकच, नावं दोन.

माझे प्रश्न दोन आहेत. "नको" म्हणणाऱ्यांना नको काय होतं? कायदा, की तो आणणारा राष्ट्राध्यक्ष? आणि असे कौल डोळ्यांसमोर असताना राष्ट्राध्यक्षाने थांबावं की पुढे जावं? अमेरिकेतल्या आणि भारतातल्या, सगळ्यांनी लिहा.

चंदू_नाशिक

धागा आवडला. पण आम्हा इकडच्यांसाठी आधी एवढं सांगा, ओबामाकेअर म्हणजे सरकारी दवाखाना का?

मैत्रेयी_लुईव्हिल

नाही चंदूदादा. दवाखाने खासगीच राहिले आणि विमा कंपन्याही खासगीच. २३ मार्च २०१० ला कायदा झाला. आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही, मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या विम्यावर राहू शकतात, मध्यम आणि कमी उत्पन्नाला हप्त्यासाठी मदत मिळते, आणि अगदी गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्याची व्याप्ती वाढवली. बदल्यात प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाही तर दंड. हा दंड लोकांना सगळ्यात जास्त खुपला. तो २०१९ पासून शून्यावर आणला.

आकडेमोड

मी पुण्यात पाहण्यांच्या प्रश्नावल्या लिहितो, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवणार नाही. नव्या मुलांना आम्ही पहिल्याच आठवड्यात २००९ चं एक उदाहरण दाखवतो.

जून २००९ मध्ये एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नलने विचारलं: सरकारी योजना आणि खासगी योजना, यांतून लोकांना निवड करता येणं किती महत्त्वाचं वाटतं? ७६ टक्के म्हणाले महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये प्रश्नातून 'निवड' गेली. खासगी कंपन्यांशी थेट स्पर्धा करणारी सरकारी योजना सुरू करावी का, एवढंच विचारलं. बाजूने ४३, विरोधात ४७. मधल्या दोन महिन्यांत वातावरण तापलं होतं हे खरं. खासदारांच्या सभांत आरडाओरडा चालला होता, रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांची ती 'डेथ पॅनेल'ची अफवा (कोणाला उपचार द्यायचे हे सरकारी समिती ठरवणार) फिरत होती. पण तेवढ्याने तेहतीस टक्के लोक फिरत नाहीत. प्रश्नच बदलला होता.

आता मैत्रेयीताईंचा नावाचा मुद्दा. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसीने अर्ध्या लोकांना 'ओबामाकेअर'बद्दल विचारलं आणि अर्ध्यांना 'अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट'बद्दल, म्हणजे कायद्याच्या मूळ नावाने. ओबामाकेअरला विरोध ४६ टक्के, मूळ नावाला ३७. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण पाठिंबासुद्धा ओबामाकेअरलाच जास्त होता, २९ विरुद्ध २२! मूळ नाव घेतल्यावर ३० टक्के म्हणाले, हे काय आहे ते माहीत नाही. ओबामाकेअर म्हटल्यावर असं म्हणणारे १२ होते. राष्ट्राध्यक्षाचं नाव लागलं की फक्त विरोधच वाढतो असं नाही, लोक आपापल्या गोटात जाऊन उभे राहतात. नाव न लागता त्यांतले कित्येक जण मधेच उभे असतात.

केतकी_मुलुंड

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत हेच होतं. ठराव कोणी मांडला ते आधी बघतात.

रघुनाथ_डॅलस

माझं मत वेगळं आहे आणि ते सविस्तर लिहितो.

कैसर फॅमिली फाउंडेशन २०१० पासून या कायद्याबद्दल नियमित पाहणी करतं. जुलै २०१४ मध्ये ५३ टक्के लोक नाखूश होते, त्यांच्या त्या मालिकेतली त्या वेळपर्यंतची सगळ्यात मोठी नाराजी. त्या ५३ टक्क्यांतला मी एक. मला कायद्याचं दुसरं नाव माहीत होतं, त्यातल्या तरतुदी माहीत होत्या, आणि ओबामांबद्दल मला आकस नव्हता. २००८ साली त्यांच्या विजयाच्या रात्री माझे डोळे भरून आले होते.

पण माझा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. विमा मी स्वतः विकत घ्यायचो. "तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील," हे राष्ट्राध्यक्षांचं वचन मी घरात बायकोला सांगितलं होतं, की घाबरू नकोस, आपलं आहे तसंच राहणार. २०१३ च्या शरद ऋतूत विमा कंपनीचं पत्र आलं, तुमची पॉलिसी नव्या नियमांत बसत नाही, बंद. नवी घेतली तिचा हप्ता जवळपास दुप्पट, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) डोंगराएवढं, आणि आमचे वीस वर्षांपासूनचे डॉक्टर विम्याच्या नेटवर्कच्या बाहेर. आमचं उत्पन्न मदतीच्या मर्यादेच्या जरासं वर, म्हणून सबसिडी शून्य. ओबामांनी त्या नोव्हेंबरात टीव्हीवर माफी मागितली. माफीने हप्ता भरता येत नाही.

म्हणून कळकळीची विनंती आहे. "लोकांना कळलं नाही, नावाला भुलले" असं म्हणू नका. आम्हाला चांगलं कळलं होतं.

मैत्रेयी_लुईव्हिल

रघुनाथदादा, मनापासून सॉरी. मी काउंटरच्या या बाजूने पाहत होते. ज्यांना कार्ड मिळालं ते माझ्यासमोर येत होते. ज्यांचं कार्ड गेलं ते दिसत नव्हते. तुमच्यासारख्यांना मी मोजलंच नव्हतं.

आकडेमोड

रघुनाथजी, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्याला जोडून आणखी एक. मार्च २०१० मध्ये संसदेतल्या मतदानाच्या तोंडावर सीएनएनच्या चाचणीत विधेयकाला ५९ टक्के विरोध, ३९ टक्के पाठिंबा. बातम्यांत तेवढंच आलं. पण विरोध का, हेही विचारलं होतं. ४३ टक्के म्हणाले हे फार डावीकडे झुकलेलं आहे, आणि १३ टक्के म्हणाले पुरेसं डावीकडे नाही, आम्हाला याहून जास्त हवं होतं. दोघेही "नको"च्या एकाच डब्यात. एका आकड्यात कितीतरी वेगवेगळी माणसं कोंबलेली असतात.

अनुराधा_शिकागो

माझी गोष्ट मैत्रेयीच्या काकांच्या बाजूची आहे.

२०१३ मध्ये आईबाबांचं ग्रीनकार्ड झालं. आनंद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून झोप उडाली. बाबांना मधुमेह, एकदा अँजिओप्लास्टी झालेली. ग्रीनकार्डवर आलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, लगेच मिळत नाही, पाच वर्षं थांबावं लागतं. तोपर्यंत पाहुण्यांसाठीचे विमे, ज्यात आधीचे आजार बाहेर. म्हणजे बाबांना जे होण्याची भीती तेच सोडून बाकी सगळ्यासाठी विमा! चौकशीला फोन केला की पहिला प्रश्न, पूर्वीचे आजार? बाबा शेजारी बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, "अनू, मी परत सांगलीला जातो, तुझ्या जिवाला घोर नको."

जानेवारी २०१४ पासून त्यांना बाजारपेठेतून रीतसर विमा मिळाला. आजाराबद्दल एकही प्रश्न नाही. हप्ता तरुणांपेक्षा जास्तच, पण कायद्याने तिपटीच्या वर नेता येत नाही. ते कार्ड बाबांनी देवघरात ठेवलं होतं. हे नियम अलीकडे बरेच बदललेत, तेव्हा कोणी आईवडिलांना आणत असाल तर आधी नीट चौकशी करा.

आता चाचणीची गंमत. एकदा घरच्या फोनवर पाहणीवाल्या मुलाचा फोन आला तो आईने उचलला. तिला वाटलं माझ्या ऑफिसातला कोणी. त्याने विचारलं इंग्रजी चालेल का, आई म्हणाली थोडं थोडं. तो म्हणाला मग स्पॅनिश? आईने विचारलं, "तुझं जेवण झालं का?" मी येईपर्यंत त्याला दोन भावंडं आहेत आणि तो रात्रीचं कॉलेज करतो हे तिला कळलं होतं, राष्ट्राध्यक्षांबद्दल तिचं मत मात्र त्याला कळलं नव्हतं.

केतकी_मुलुंड

आईंनी चाचणीवाल्याचीच चाचणी घेतली की! 😄

चंदू_नाशिक

जेवण झालं का हा प्रश्न प्रत्येक पाहणीत पहिला असायला हवा.

आकडेमोड

अनुराधाताई, ती गंमत कामाची आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या चाचण्या इंग्रजीत, फार तर स्पॅनिशमध्ये होतात. म्हणजे या कायद्यामुळे ज्यांचा जीव भांड्यात पडला ते तुमचे आईबाबा चाचणीतल्या हजारभर माणसांत येणं अवघड. शिवाय चाचणी 'सर्व प्रौढां'ची, 'नोंदणीकृत मतदारां'ची की 'मतदानाला जाण्याची शक्यता असलेल्यां'ची, हे तळटीपेत असतं. एच-वनबी किंवा ग्रीनकार्डवरचे मराठी लोक शेवटच्या दोन्हींत नाहीतच. उत्तरं कोण देतं हाही प्रश्न आहे. प्यू संस्थेच्या फोन पाहण्यांत १९९७ मध्ये १०० पैकी ३६ ठिकाणी मुलाखत होत असे, २०१२ मध्ये ९, २०१८ मध्ये ६.

केतकी_मुलुंड

सहा? मग त्यावर विश्वास का ठेवायचा?

आकडेमोड

कारण कमी लोक बोलले म्हणजे निष्कर्ष चुकलाच असं नसतं, आणि जास्त लोक बोलले म्हणजे बरोबर असंही नसतं. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाकडे वाचकांना पाठवलेली वीस लाखांहून जास्त मतांची कार्डं परत आली होती. त्यावरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार म्हणून सांगितलं आणि रुझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. हजार माणसं नीट निवडली, वय, शिक्षण, प्रांत यांच्या प्रमाणात त्यांचं वजन लावलं, तर तीन-चार टक्के इकडेतिकडे एवढं कळतं. माझा विश्वास एका आकड्यावर नसतो. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं विचारला आणि रेषा कुठे चालली हे पाहिलं, तर त्यावर असतो.

आप्पा_बॉस्टन

मी १९७१ पासून इथे आहे, तेव्हा थोडं मागचं सांगतो.

आरोग्य विमा आणि राष्ट्राध्यक्ष यांची ही झुंज ओबामांच्या कितीतरी आधीची. ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव अमेरिकी संसदेपुढे ठेवला. डॉक्टरांच्या संघटनेने जाहिरात तज्ज्ञ नेमून 'समाजवादी औषधोपचार' हा शिक्का असा मारला की ट्रूमन यांना तो प्रस्ताव शेवटपर्यंत मंजूर करून घेता आला नाही. जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ ला मेडिकेअरवर सही केली ती मुद्दाम मिझूरीत, ट्रूमन यांच्या गावी इंडिपेंडन्सला जाऊन. मेडिकेअरचं पहिलं कार्ड ट्रूमन यांना दिलं. वीस वर्षांनी.

मग क्लिंटन. सप्टेंबर १९९३ मध्ये संसदेपुढे भाषण झालं तेव्हा बहुतेक चाचण्यांत लोक बाजूने होते. वर्षभरात सगळं बारगळलं. मार्च १९९४ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल आणि एनबीसीने एक प्रयोग केला. क्लिंटन यांचं नाव न घेता योजनेतल्या गोष्टी लोकांना वाचून दाखवल्या, ७६ टक्के लोकांना त्या भावल्या. 'क्लिंटन योजना' म्हटलं की पाठिंबा घसरायचा. मैत्रेयी, तुझ्या काउंटरवरचा माणूस वीस वर्षं आधीपासून आहे बरं.

आमच्या मॅसॅच्युसेट्सची गोष्ट तर अजून टोचते. इथले सिनेटर टेड केनेडी यांनी जन्मभर या विषयासाठी लढून ऑगस्ट २००९ मध्ये प्राण सोडला. त्यांच्या जागेवर १९ जानेवारी २०१० ला पोटनिवडणूक झाली आणि ओबामांचं विधेयक अडवण्याचं वचन देणारे रिपब्लिकन स्कॉट ब्राउन जिंकले. मी त्या दिवशी बर्फातून मत द्यायला गेलो होतो, माझा उमेदवार हरला. देशभर म्हणाले, बघा, केनेडींच्या राज्याचाच कौल आला. पण आमच्याकडे २००६ पासून तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर रॉम्नी यांनी आणलेला जवळपास तसाच कायदा होता आणि लोकांना तो हवाच होता. ब्राउन यांना मत देणाऱ्या माझ्या शेजाऱ्यालाही. तो म्हणाला, "आपलं आहे ना, मग बाकीच्यांसाठी आपण का भरायचं?" त्याला कायदा नीट कळला होता, आणि ओबामांशीही त्याचं वाकडं नव्हतं. मैत्रेयीच्या पहिल्या प्रश्नाचं हे तिसरं उत्तर आहे. मला ते सगळ्यात जास्त दुःख देतं.

चंदू_नाशिक

आप्पा, हे वाचून गलबललं.

नावावरून आठवलं. आमच्या चुलत्यांचं हृदयाचं ऑपरेशन जीवनदायीतून झालं, केशरी रेशनकार्डावर. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. मग २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, तिला पेपरवाले मोदीकेअर म्हणायला लागले, म्हणजे हे 'केअर' ओबामांकडूनच आलं! काका अजून "जीवनदायी"च म्हणतात. गावात सरकारं बदलली, पक्षांवरून भांडणं झाली, पण त्या कार्डावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. लाभ आधी हातात आला, नाव नंतर बदलत राहिलं, म्हणून असेल का?

मुक्ता_सिअ‍ॅटल

मैत्रेयीच्या दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी सुरुवात करते. माझं उत्तर: पुढे जावं. ओबामा पुढे गेले ते बरोबर केलं.

गॅलप संस्थेच्या चाचणीत २००९ च्या जानेवारीत त्यांना ६८ टक्के पसंती होती, वर्षअखेरीस पन्नासच्या घरात. ती सगळी घसरण आरोग्य कायद्यामुळे नव्हती, बेकारी त्या ऑक्टोबरात १० टक्क्यांवर गेली होती. पण सल्ला देणारे म्हणतच होते, थांबा. ते थांबले नाहीत. २१ मार्च २०१० ला प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर, रिपब्लिकनांचं एकही मत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ओबामांच्या डेमोक्रॅट्सनी तिथल्या ६३ जागा गमावल्या. हे होणार हे माहीत असून ज्यांनी बाजूने मत दिलं आणि घरी गेले, त्या खासदारांबद्दल मला फार आदर वाटतो.

रघुनाथ_डॅलस

मुक्ता, इथे मी ठाम विरोधात आहे. चाचणी म्हणजे लोकांचा आवाज. तो ऐकायचा नाही आणि एकाच पक्षाच्या मतांवर एवढा मोठा बदल करायचा, मग पुढची दहा वर्षं देश त्यावरून भांडला तर दोष कोणाचा? मेडिकेअरला दोन्ही पक्षांची मतं होती. थांबून आणखी लोकांना सोबत घेतलं असतं तर माझ्यासारख्यांची अडचण कोणीतरी आधीच दाखवली असती.

मुक्ता_सिअ‍ॅटल

क्लिंटन यांच्या वेळी थांबले, त्याचं काय झालं ते आप्पांनी लिहिलंय ना. पंधरा वर्षं गेली. त्या पंधरा वर्षांत अनुराधाच्या बाबांसारखे किती जण असतील?

आणि रेषा बघायची म्हणाल तर पूर्ण बघा. २०१४ ला ५३ टक्के नाखूश. मग २०१७ मध्ये कायदा रद्द करण्याच्या हालचाली सुरू झाल्या तसा कौल फिरला. जुलैत रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांनी मध्यरात्रीनंतर सिनेटमध्ये अंगठा खाली करून रद्द करण्याच्या विरोधात मत दिलं, ४९ विरुद्ध ५१, कायदा वाचला. फेब्रुवारी २०१८ च्या कैसर पाहणीत ५४ टक्के खूश. कायदा जाईल असं दिसल्यावर लोकांना कळलं की हातात काय आहे.

रघुनाथ_डॅलस

किंवा ओबामा पदावर नव्हते म्हणून कौल फिरला. स्वतः ओबामांचीही पसंती जाताना गॅलपमध्ये ५९ होती. मग मैत्रेयीताईंचा पहिला प्रश्न आहे तिथेच आहे.

आकडेमोड

दोन्ही कारणं एकाच काळात आली, त्यामुळे या आकड्यांवरून ती वेगळी काढता येत नाहीत. तुमच्यापैकी कोणालाही मी चूक म्हणणार नाही.

मैत्रेयी_लुईव्हिल

रघुनाथदादा, एक विचारू? अनुराधाच्या आईंशी बोललेल्या त्या पाहणीवाल्या मुलाने आज तुम्हाला फोन केला, तर काय सांगाल?

रघुनाथ_डॅलस

दोन दिवस विचार केला.

"कायद्याबद्दल एकंदरीत मत?" नापसंत. हप्त्याची ती पत्रं मी अजून फाइलला ठेवली आहेत.

"मुलं २६ पर्यंत आईबापांच्या विम्यावर?" पसंत. धाकटी शिकत होती तेव्हा तिच्या गाठीचं ऑपरेशन झालं, ती माझ्या विम्यावर होती म्हणून झालं.

"आधीचे आजार असले तरी विमा?" पसंत. त्या ऑपरेशननंतर तिला आता आयुष्यभर ते लागणार आहे.

"रद्द करावा का?" इथे मी त्या मुलाला थोडं थांबायला सांगेन.

अनुराधा_शिकागो

धाकटी आता बरी आहे ना, दादा?

रघुनाथ_डॅलस

बरी आहे. ऑस्टिनला नोकरी करते. विचारलंत, बरं वाटलं.